बारसमोर उभा राहिलेला फोन

फोन भिंतीवर होता तेव्हा पहिला प्रश्न असे, ‘कोण बोलतंय?’ तो खिशात आला आणि प्रश्न झाला, ‘कुठे आहेस?’ आमच्या कंपनीने तर विचारायचंही सोडून दिलं. तिने दिलेला फोन कुठे आहे, ते ती सरळ नकाशावर बघते. त्या नकाशापायी आमच्या तोळामाशाचं जे झालं, ते आठवलं की माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते.

आमची कंपनी वजनकाटे विकते आणि दुरुस्तही करते. मी तिथे हिशेब बघतो. तोळामासा आमचा सर्वांत जुना कारागीर. अंगाने काडी, म्हणून हे नाव. नाजूक काटा लावायची, म्हणजे अचूक जुळवायची, त्याची रीत ठरलेली. खोलीत शिरला की आधी पंखा बंद, कारण वाराही पारड्यावर भार टाकतो. मग खिडकी. मग घड्याळ, किल्ल्या, फोन सगळं पिशवीत आणि पिशवी खोलीबाहेर. फोन जवळ वाजला की काट्याचे आकडे नाचतात. मला एकदा त्याने ते दाखवलंही होतं.

त्या दिवशी औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्याचं काम होतं. पिशवी ठेवली कंपनीच्या टेम्पोत. टेम्पोवाल्याने सावली शोधत टेम्पो नेला तो नेमका एका बारसमोर, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत पडला. झालं! नकाशावर तोळामासा दुपारभर बारमध्ये.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय काका, काल किती पेले झाले?”

“साहेब, मी चहासुद्धा अर्धाच घेतो. फोन टेम्पोत होता.”

“यंत्र खोटं बोलत नाही, काका.”

“नाहीच बोलत. त्याने फोनचा पत्ता सांगितला. माझा पत्ता मला विचारा ना.”

टेम्पोवाला पुढे झाला. “साहेब, झोपलो होतो मी. आणि बारला तर कुलूप होतं!”

सगळे हसले, साहेब सोडून. त्यांनी बजावलं, की चूक कबूल केली नाही तर बाहेरची कामं बंद. आणि बाहेरची कामं म्हणजे तोळामाशाचा प्राण. मी म्हटलं, प्रयोगशाळेत एक फोन तर करा. साहेब म्हणाले, “गिऱ्हाइकाला विचारायचं? आपली शोभा होईल.” म्हणजे माणसाची अब्रू गेली तर चालेल, कंपनीची जायला नको!

मीच फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, “ते ना? दिवसभर इथेच होते हो. पंखा बंद करून आम्हाला नुसतं उकडून काढलं!”

हे सांगितल्यावर साहेब थोडे नरमले. “बरं, मान्य. पण ‘कामाच्या वेळी बारमध्ये’ असा शेरा सिस्टीममध्ये पडलाय, तो आता निघत नाही. यापुढे फोन खिशात ठेवा, विषय संपला.”

माणूस निर्दोष आहे हे मान्य, पण शेरा राहणार! आयुष्यभर जमा-खर्च लिहिले, चुकीची नोंद सापडली की उलटी नोंद घालून ती दुरुस्त केली. इथे लाखाचं यंत्र, आणि त्याला चूक खोडता येत नाही?

तोळामासा म्हणाला, “खिशात फोन ठेवून नाजूक काटा लागत नाही, साहेब.”

“मग दुकानात बसा.”

त्याने फोन रुमालाने पुसला आणि टेबलावर ठेवला. “बसतो. चुकीच्या काट्याच्या दाखल्यावर सही मात्र करणार नाही.”

आता तो गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून भाजीवाल्यांचे ताणकाटे दुरुस्त करतो. प्रयोगशाळांमध्ये नवा माणूस जातो, फोन खिशात ठेवून. नकाशावर तो जिथे असायला हवा तिथेच दिसतो. साहेब खूश आहेत. तिथला काटा बरोबर लागला का, हे त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.