प्रेमाने दिलेला पाव

थंड हवेच्या त्या गावात, घोड्यांच्या तळावर डॉक्टर लस टोचत होते. चंद्राबाई आपल्या तांबूस घोडीच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या. कसली लस, म्हणून मी विचारलं.

"पोटातल्या विषाची," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावलं. घोड्याने नको ते फार खाल्लं की आतड्यातले जंतू मरतात, त्यांचं विष रक्तात उतरतं, खूर आतून सुजतात आणि उभा घोडा कोसळतो. लसीने ते विष सोसायची ताकद थोडी वाढते, इतकंच.

बाईंची आधीची घोडी अशीच गेली. सुट्टीच्या गर्दीत लोकांनी तिला दिवसभर पाव चारले. बाई नको म्हणत राहिल्या, लोक फोटो काढत राहिले.

हे ऐकत होतो तेवढ्यात एक गृहस्थ पाव घेऊन पुढे आले. बाईंनी हात आडवा घातला.

"अहो, प्रेमाने देतोय," ते म्हणाले.

माझ्या अंगाची आग झाली. आपलं प्रेम समोरच्याला पचतं का, हे आपण विचारतच नाही. आपल्याला हवं ते भरवतो आणि पुण्य पदरात पाडून निघून जातो. मग सुई सोसायची त्या मुक्या जिवाने.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मागची कण्हत होती तेव्हा मी एकटीच तिच्यापाशी बसले होते. या वेळी तुम्ही येऊन बसणार असाल, तर द्या."

आणि त्यांनी आडवा घातलेला हात काढून घेतला.