नाणुएट्टनच्या वाट्याच्या विड्या

नाणुएट्टनने वळलेली विडी पेटवायच्या आधीच उलगडायची. खोटं नाही सांगत. नाव नाणु, एट्टन म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ. आमच्या चेम्मणकुन्नुच्या विडी कारखान्यात तो लागला तेव्हा मुकादम त्याचं सूप बघून कपाळाला हात लावायचा. "नाणु, अरे ही विडी आहे की पानात बांधलेलं गाठोडं?" असा माणूस आमच्यात टिकला तो एकाच गोष्टीवर, त्याच्या आवाजावर.

विड्या वळताना हात गुंतलेले असतात, कान मात्र रिकामे. म्हणून एकाने उंच खुर्चीवर बसून वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकत ऐकत वळायचं, ही आमची रीत. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासूनची. सकाळी वर्तमानपत्र, दुपारची पेज पिऊन झाली की कादंबरी. वाचणाऱ्याचा रोज बुडू नये म्हणून प्रत्येकाने आपल्यातली मूठभर विडी त्याच्यासाठी काढायची. नाणुएट्टन एकही विडी न वळता आमच्यातल्या प्रत्येकाइतका रोज घरी न्यायचा, आणि त्याबद्दल कुणाच्या पोटात कधी दुखलं नाही.

नाटकीपणा म्हणून त्याच्या वाचण्यात नव्हता. आवाज चढवणं नाही, हुंदके देणं नाही. सरळ वाचायचा. कुणी म्हणालं, "जरा रंगवून वाच की रे," तर म्हणायचा, "रडायचं काम तुमचं. मला त्याचा रोज मिळत नाही." आणि आम्ही रडायचो हो! सुपातला तंबाखू ओला होईल म्हणून तोंड फिरवून रडायचो.

त्याच्या वाट्याच्या विड्या गोळा करायचं काम कोरनएट्टनचं. संध्याकाळी मोठं सूप घेऊन तो रांगेरांगेने फिरायचा, आणि प्रत्येकाला एक टोमणा ठरलेला. "कल्याणे, तुझी विडी तुझ्या जिभेइतकी कडक असती तर परदेशात गेली असती!" मी थोडीच गप्प बसते? "घे मुकाट्याने, तुझ्या टकलाइतकी गुळगुळीत आहे." सगळी शेड हसायची. दिवसभराचा पाठीचा ताठा त्या हसण्यात उतरायचा.

फक्त एका माणसासमोर कोरनएट्टन थांबत नसे. माझ्या उजव्या हाताला बसणाऱ्या चिरुतासमोर. तिच्यापाशी आला की पायांची गती तेवढी वाढायची आणि सूप दुसऱ्या बाजूला वळायचं.

त्याला कारण होतं. आमचे शेतकरी जमीनदारावर उठले होते, त्या काळात चिरुताच्या बापाने त्यांची लपायची जागा पोलिसांना सांगितली. त्या धाडीत कोरनएट्टनचा थोरला भाऊ गोळी लागून गेला. बाप परागंदा झाला, कुठे मेला देव जाणे. मागे राहिली ही. झग्यातली पोर होती तेव्हा. गावाने तिला मारलं नाही की शिवी दिली नाही. फक्त तिच्या हातचं घेणं सोडलं. तिच्या विहिरीचं पाणी नाही, तिच्या चुलीतला विस्तव नाही, तिच्या परसातलं केळीचं पानसुद्धा नाही. कारखान्यात तिला घेतलं, कारण कुणाचं काम तोडायचं नाही हे आमच्या संघटनेचं तत्त्व. तत्त्व पाळलं गेलं, आणि चिरुता केस पिकेपर्यंत फणसाखाली एकटी बसून पेज प्यायली.

अशात नाणुएट्टन वाचनालयातून ती नवी कादंबरी घेऊन आला. कुठल्याशा दुसऱ्या खोऱ्यातल्या, आमच्यासारख्याच जुन्या बंडाची गोष्ट, पण लिहिणारा आजचा, तरुण. कुठलं पुस्तक वाचायचं ते आमच्याकडे हात वर करून ठरतं. त्याने सांगितलं, "गोष्ट नीलीची आहे. फितुराच्या पोरीची."

माझ्या शेजारी चिरुताची कात्री पानावरच थांबली. मनात म्हटलं, हा बाबा काय करून बसला! ही आता उठून गेली तर हिला पंचक्रोशीत दुसरं काम कोण देणार? चार माणसांत बसायची एवढी एकच जागा होती तिला.

"फितुराच्या पोरीची काय गोष्ट असणार?" कोरनएट्टन म्हणाला.

"तेच बघायचंय."

"आणि नाही पटली तर?"

"तर मी या खुर्चीवरून उतरतो आणि विड्या वळायला बसतो."

"नको रे बाबा!" मागून कुणीतरी ओरडलं. "धंदा बुडवशील!" हशा पिकला आणि हात वर झाले. कोरनएट्टनचा झाला नाही. चिरुता खाली बघत पान कापत राहिली.

मी पुढे कधीतरी नाणुएट्टनला गाठून विचारलं, मुद्दाम आणलंस ना रे ते पुस्तक? तर म्हणाला, "कल्याणे, छपाई चांगली होती. डोळ्यांना त्रास होत नव्हता." शेवटपर्यंत यापलीकडे एक शब्द बोलला नाही, इतका पोटात ठेवणारा.

पहिले काही दिवस कोरनएट्टन खुर्चीकडे पाठ करून बसला. बाप फितूर होतो ते वाचलं गेलं तेव्हा "मेल्या, तुझं वाटोळं होवो" म्हणून मोठ्याने थुंकला. पण मग गोष्ट नीलीवर आली. बाप नाही, आई अंथरुणाला खिळलेली, आणि ही पोर डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवर उभी, सगळ्या बायकांचं पाणी भरून होईपर्यंत. कोरनएट्टनची पाठ हळूहळू वळायला लागली. आधी कान, मग खांदा, मग अख्खा माणूस. एकदा कुणी मध्येच खोकलं तर त्याच्यावरच खेकसला, "बाहेर जाऊन खोक ना!" आणि एके सकाळी कारखाना उघडायच्या आधी नाणुएट्टनच्या दारात हजर. "त्या पोरीचं पुढे काय होतं रे?"

"दुपारी ऐक."

"एवढं सांग, जगते ना?"

"दुपारी ऐक म्हटलं ना."

तोंड फुगवूनच परत फिरला. नाणुएट्टनची बायको हसून हसून सांगायची हे.

आणि चिरुता? ती रोज यायची. मी चोरून बघायचे. पान घ्यायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायची. नीली रडली की शेड रडायची, हिच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. मला कधी वाटायचं, ही ऐकतच नाही. कधी वाटायचं, हिच्याइतकं कुणीच ऐकत नाही.

मग तो दिवस उजाडला. गोष्टीत ओणमच्या सणाचं गावजेवण होतं. नीलीने नारळ खवून चटणी वाटली, केळीच्या पानात बांधली आणि पंगतीपाशी गेली. पानांवर भात वाढला जातोय, सांबार वाढलं जातंय. पोर पहिल्या पानासमोर वाकली, त्या माणसाने पानावर आडवा हात धरला. दुसऱ्यासमोर वाकली, त्यानेही धरला. नाणुएट्टन नेहमीसारखा सरळ वाचत होता. पोर एकेका पानासमोर वाकतेय आणि एकेक हात आडवा येतोय. अख्खी पंगत संपली. ती चटणी तशीच हातात घेऊन उभी.

"अरे घ्या की रे तिच्या हातातलं!"

कोरनएट्टन उठून उभा होता. मांडीवरचं सूप खाली पडून तंबाखू सांडलेला. गळ्याच्या शिरा ताठलेल्या, डोळ्यांतून धारा. "माणसं आहात की दगड? बापाने केलं ते केलं! त्या पोरीने काय घोडं मारलंय तुमचं? एवढ्या गावात एकाला लाज नाही?"

त्याचा आवाज पत्र्याला लागून परत आला, आणि मग त्यालाच ऐकू आला. बोलता बोलता तो थिजला. साऱ्या शेडमधल्या कात्र्या थांबल्या होत्या. चिरुताकडे कुणी बघत नव्हतं. कशी मान वळवणार? इतकी वर्षं सभा झाल्या, भाषणं झाली, माणुसकीवर किती बोललो आम्ही. आणि एका माणसाने खुर्चीवर बसून, आवाजसुद्धा न चढवता, कोरनएट्टनला त्याच्या स्वतःच्या पंगतीत नेऊन उभं केलं होतं.

कोरनएट्टन खाली बसला. सांडलेला तंबाखू गोळा करायला लागला. नाणुएट्टनने वर न बघता पान उलटलं आणि पुढे वाचलं.

संध्याकाळी कोरनएट्टनने मोठं सूप उचललं. त्या दिवशी टोमणा नाही, काही नाही. मान खाली घालून एकेकाची मूठ घेत आला. माझ्याकडून घेतली. मग पाऊल उचललं, आणि खाली ठेवलं. चिरुतासमोर थांबला. सूप पुढे धरलं.

मला वाटलं, आता ही गडबडेल. आपल्यातल्या मोजून काढेल, वेळ जाईल. पण तिने नुसता हात मागे नेला. पानांवर टाकलेल्या ओल्या गोणपाटाच्या पलीकडे एक जुडी होती. मूठभर विड्या, दोऱ्याने नीट बांधलेल्या, तयार. तिने ती उचलून सुपात ठेवली.

मी तिच्या शेजारी बसून म्हातारी व्हायला आले होते. रोज दुपारी ती जुडी बांधताना मी तिला पाहिलं होतं. कोरनएट्टन पुढे निघून गेला की तीच जुडी सोडून आपल्या ढिगात मिसळताना पाहिलं होतं. मला वाटायचं, असेल काहीतरी हिची मोजायची पद्धत! देवा रे. ही बाई पहिल्या दिवसापासून नाणुएट्टनचा वाटा काढून ठेवत होती. रोज. कुणी मागेल म्हणून.

कोरनएट्टनलाही ते कळलं. त्याने जुडी हातात घेतली, उलटसुलट केली. शेवटी त्याने एक विडी बाहेर ओढली, चिमटीत दाबून पाहिली आणि म्हणाला, "चिरुते, दोरा सैल बांधतेस गं."

चिरुताने पदराने तोंड पुसलं. खुर्चीवरच्या नाणुएट्टनकडे बघितलं आणि म्हणाली, "त्याच्यापेक्षा तरी घट्ट आहे."

आधी नाणुएट्टनच हसला. मग सगळी शेड, पत्रे हादरतील अशी. कोरनएट्टन एका हाताने डोळे पुसत, एका हाताने सूप सावरत पुढच्या माणसाकडे गेला. त्या दिवशी नाणुएट्टनच्या वाट्याला एक मूठ जास्त आली.