आबांचा एक घोट

आज तासगावात बेदाण्याच्या शेडमध्ये शिरलो आणि त्या आंबटगोड वासानं फ्रान्समधली द्राक्षबाग आठवली. माझ्या नोकरीमुळं माझे वडील, आबा, तिथं आले होते. माझ्या आईला लग्नात दिलेल्या शब्दामुळं ते कधी दारूला शिवले नव्हते. बागेच्या मालकानं लाल वाईन चाखायला दिली. तिथल्या रिवाजाप्रमाणं सगळे नुसती चव घेऊन बादलीत थुंकत होते.

“आबा, तुम्हीही थुंका,” मी कुजबुजलो.

आबांनी मालकाचे भेगाळलेले हात पाहिले आणि घोट गिळला. “त्यानं पिकवलंय रं. त्याच्यासमोर कसं थुकायचं?”

तेव्हा मला वाटलं, उगाच शब्द मोडला. आज तो घोट फार मोठा वाटतो.

तेव्हा फ्रान्सहून घरी पोचताच आबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. जन्मभर द्राक्षबागेत राबून घडांची विरळणी केलेली आई म्हणाली, “आवं, थुकला असता तर घरात घेतलं नसतं!”