इग्नाझच्या नावाचा माणूस

नोटबुर्गा गाम्परबद्दल सांगायचं, तर आधी स्वतःच्याच दोन मुस्काटात मारून घ्यायला हव्यात मी. मी कासियान. इटलीच्या उत्तरेला, जर्मन बोलणाऱ्या आमच्या गावातून मेरान शहराची बस चालवायचो.

नोटबुर्गा आमच्या गावच्या पाद्र्याकडे स्वयंपाक करायची, चर्चचे कपडे धुवायची. हात सदा लाल, आणि बोलणं असं की समोरच्याने गपगुमान ऐकावं. तिचा धाकटा भाऊ इग्नाझ. चव्वेचाळीस साली एस.एस.ची, म्हणजे हिटलरच्या खास फौजेची, शपथ घ्यायला त्याने साफ नकार दिला, म्हणून जर्मनांनी गोळी घातली. पाद्र्याची अशी तंतरली, की घंटा नाही, प्रार्थना नाही, मृतांच्या वहीत नावसुद्धा नाही. लढाई संपली, जर्मन गेले, तरी नाव नाहीच. "लिहितो गं, घाई काय आहे?" अडीच वर्षं हेच!

सत्तेचाळीसच्या ऑक्टोबरात पाद्र्याकडे एक पाहुणा आला. पाद्र्याचा आत्तेभाऊ म्हणे! एकदा टेबल पुसताना नोटबुर्गाला त्या पाहुण्याचा बाप्तिस्म्याचा दाखला दिसला, पाद्र्यानेच शिक्का मारून दिलेला. नाव इग्नाझ गाम्पर. वहीत इग्नाझ मेलाच नव्हता ना, मग त्याचं नाव कुणालाही देता येत होतं! तिने जाब विचारला, तर पाद्री दबक्या आवाजात म्हणाला, "एस.एस.चे मोठे साहेब आहेत. तोंड बंद ठेव." त्या दाखल्यावर हा हरामखोर जेनोआ बंदरात जाऊन बोट पकडणार होता, आणि कायमचा समुद्रापार पळणार होता.

दुसऱ्या सकाळी तो माझ्या बसमध्ये बसला. नोटबुर्गा इटालियन हवालदाराला ओढतच घेऊन आली.

"हा माझा भाऊ नाही! माझ्या भावाला ह्यांच्याच लोकांनी मारलंय!"

हवालदार नवा, सिसिलीकडचा. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "बाई, शिक्का तर खरा आहे. गावातलं कुणी सांगेल का?"

बस भरलेली. सगळी इग्नाझच्या शाळेतली, शेजारपाजारची. सगळ्यांना एकदम आपापले बूट दिसायला लागले. पाद्र्याशी वाकडं घेतलं तर आमची लग्नं, आमची मयतं कोण करणार?

"कासियान, तू बोल! त्याच्याबरोबर गवत कापायचास ना रे मेल्या? बोल की!"

हवालदार माझ्याकडे वळला. "हाच का इग्नाझ?"

"मी फक्त गाडी चालवतो, साहेब." हवालदाराने कागद त्या पाहुण्याला परत दिला.

"बरं. मग चालव," असं म्हणून नोटबुर्गा खाली उतरली.

आणि मी चालवली! स्टेशनापर्यंत नीट पोचवलं त्या सैतानाला. उतरताना त्याने माझा खांदा थोपटला.

"चांगलं आहे तुमचं गाव," म्हणाला.