नणंदबाईंचं फिनाईल

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून मी रिठ्याच्या पाण्यानं फरशी पुसते आणि तेच पाणी कुंडीतल्या कढीपत्त्याला घालते. सर्दीनं माझं नाक बंद होतं, तेवढ्यात गंगापूरहून आलेल्या नणंदबाईंनी त्या बादलीत रोज गुपचूप फिनाईल ओतलं. दारात डोलणारं माझं झाड वाळून काडी झालं.

त्यांच्या पिशवीत बाटली सापडली तेव्हा मी जाब विचारला, तर म्हणतात, “वहिनी, तुमच्या फरशीला वासच नाय. पुसलीय हे लोकांना कळंल कसं?”

“लोक काय फरशी हुंगायला येतात?” मी अशी कडाडले, की वरच्या भाभी जिन्यातून ओरडल्या, “क्या हुआ?”

“खून हुआ!”

नणंदबाई गावी निघाल्या, तेव्हा उरलेलं फिनाईल मी त्यांच्या पदरावर शिंपडलं. “जा ताई, अंघोळ केलीय हे आता अख्ख्या एसटीला कळेल.”