सलोमीचा दूधभाऊ

रिबका लग्न होऊन मुर्रीला आली तेव्हा गावात ख्रिस्ती घर ते एकच होतं. नवरा उदाराम गोंदियाच्या राइस मिलमध्ये धान उकडण्याच्या हौदावर कामाला होता. सकाळी सायकलवर जायचा तो दिवे लागल्यावर परतायचा. मिशनच्या बोर्डिंगात मुलींच्या गलबल्यात वाढलेल्या रिबकाला घरातली शांतता सुरुवातीला खायला उठायची. मग सलोमी झाली आणि दिवस अपुरे पडू लागले. चूल पेटवताना, पोरीला न्हाऊ घालताना ती प्रभूशी हळू आवाजात बोलत असे, शेजारणीशी बोलावं तसं. खऱ्या शेजारणी मात्र फारशा बोलत नसत.

कुंपणापलीकडचं घर मुन्नीबाईचं. पोवारांचं मोठं घर, दारात दोन बैलजोड्या. मुन्नीबाई मनानं वाईट नव्हती. सलोमी झाली तेव्हा तिनं कुंपणावरून डिंकाचे लाडू दिले होते. पण रिबकाच्या घरचं पाणी ती कधी प्यायली नाही, आणि तिच्या विहिरीला रिबकानं कधी हात लावला नाही.

१९५३ साली, धानकापणीच्या दिवसांत, मुन्नीबाईची सून सुखवंता बाळंत झाली. मुलगा झाला. आठव्या दिवशी तिला मोतीझरा, म्हणजे विषमज्वर झाला. बाळाला अंगावर पाजू नका, म्हणून डॉक्टरनं बजावलं. गाईचं दूध पाणी घालून दिलं, ते पोर ओकून टाकी. गावात पाजत्या बाया दोन-तीन होत्या, पण तापाच्या घरचं मूल घ्यायला कुणी तयार नव्हतं.

दोन दिवस रिबका ते रडणं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी रडण्यातला जोरच गेला. तिनं उदारामला सांगितलं, "मी पाजतो त्या लेकराले."

उदाराम जेवता जेवता थांबला. "सलोमी आठ महिन्याची हाये. तापगिप आला तं?"

"आई मेली तवा मी चार दिवसाची होती. मले कोनी पाजलं, मले मालूम नाई. कोनीतरी पाजलंच ना?"

उदारामनं बराच वेळ भात चिवडला. "हात धुत जाजो चांगले," शेवटी तो म्हणाला.

रिबका तशीच कुंपणाशी गेली. "मामी, लेकरू इकडे आना. माह्याजवळ दूध हाये."

मुन्नीबाई आत गेली. तासाभरानं ती फडक्यात गुंडाळलेलं पोर घेऊन रिबकाच्या छपरीत आली आणि उंबऱ्याबाहेरच बसली. रिबकानं हात धुतले, बाळ मांडीवर घेतलं, डोळे मिटले. तिचे ओठ हलताना बघून मुन्नीबाई ताठ झाली.

"काय पुटपुटून रायली वो? माह्या नातवाले किरिस्ताव करतेस का?"

"प्रार्थना करून रायली, मामी."

"काय मागतलंस?"

"दोघायले पुरल एवढं दूध दे, म्हनलं."

मुन्नीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मंग जोरानं म्हन. मलेबी आयकू दे."

बाळाला ओढायचंही त्राण नव्हतं. रिबकानं थेंब थेंब दूध त्याच्या ओठांवर पिळलं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते नीट ओढू लागलं. त्याचं नाव कुंजीलाल ठेवलं. दिवसातून सहा वेळा मुन्नीबाई त्याला आणी. सलोमीला पेज लावावी लागली; ती सुरुवातीला तोंड वाकडं करी, चमचा ढकलून देई, आणि मग रिबकाचा जीव तुटे. आपल्या पोरीच्या तोंडचं आपण काढून घेतो आहोत, असं तिच्या मनात येई. ते ती लपवत नसे. प्रभूलाच सांगून टाकी.

तीन रविवार तिचं चर्च बुडालं. चौथ्या रविवारी मुन्नीबाई म्हणाली, "काऊन जाऊन नाई रायली?"

"जाऊन-येऊन अर्धा दिस जाते. कुंजी भुकेला राहील."

मुन्नीबाईनं छकडा जुंपायला लावला. गोंदियाला चर्चच्या आवारात ती कुंजीलालला घेऊन कडुनिंबाखाली बसून राहिली. दुसरं गीत चाललं होतं तोच पोर रडलं. रिबका सलोमीला घेऊन बाहेर आली, ओट्यावर बसून त्याला पाजू लागली. आतून गाण्याचा आवाज येत होता.

"तुमच्या देवाले राग नाई येत, मधातच उठून आली तं?" मुन्नीबाईनं विचारलं.

"नाई येत, मामी."

"बरं हाये मंग," मुन्नीबाई म्हणाली आणि सलोमीला आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

संक्रांतीच्या सुमारास सुखवंता उठून हिंडू लागली. एक दिवस कुंजीलालला आणलंच नाही. रिबकाला आनंद झाला, आणि रडूही आलं. सुखवंताला त्या लेकराच्या ओढण्यानं हळूहळू दूध सुटलं होतं. इकडे रिबकाची छाती मात्र चार दिवस ठणकत होती. सलोमीला पुन्हा पोटभर मिळू लागलं, ती आता पेजही मागू लागली होती.

मुन्नीबाईनं रिबकाच्या घरचं पाणी पुढेही घेतलं नाही. रिबकानं ते मनाला लावून घेतलं नाही. कुंजीलालला मात्र कुणी अडवलं नाही. तो चालायला लागला तसा कुंपणाच्या फटीतून यायचा आणि सलोमीच्या ताटात जेवायला बसायचा. डोळे मिटून, हात जोडून, तिच्याबरोबर तोही "आमेन" म्हणायचा, तिच्यापेक्षा मोठ्यानं.

पलीकडून मुन्नीबाईचा आवाज यायचा, "पोट भरलं असन तं घरी ये रे!"

तो जागचा हलायचा नाही.