चालणारी धूळ

गिरजाताई गेल्याचा फोन साकोलीहून त्यांच्या भाच्याने केला, तेव्हा माझ्या हातात ओलं फडकं होतं. मी त्यांच्याच झाडाची पानं पुसत होते. "मावशी, आत्या गेली... काई तरास नाई झाला तिले," तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेलं पान पुसून पुरं केलं. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही. याला आता महिना होऊन गेला, आणि अजूनही मला नीट रडू आलेलं नाही.

भिलाईत सेक्टर सहामधली आमची दोन क्वार्टरं एका भिंतीची. पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि आम्ही बायका त्याच्या धुळीत संसार मांडत होतो. मी रायपूरची, लग्न होऊन नवीनच आलेली. माहेरी सदा माणसांचा राबता आणि इथे यांची ड्यूटी सुरू झाली की घर खायला उठायचं. एका बाजूला बंगाली, मागे पंजाबी, समोर मल्याळी. सगळी माणसं चांगली, पण मराठी बोलायला भिंतीपलीकडच्या गिरजाताईच. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, मूलबाळ नाही. यजमान रिगर, म्हणजे अवजड लोखंड साखळ्यांनी वर चढवायचं काम. त्यांच्या शिफ्ट बदलत्या. रातपाळी करून ते दिवसा झोपले की ताई घरात वाटीसुद्धा वाजू द्यायच्या नाहीत. मुळात बोलघेवडी बाई, दिवसचे दिवस ओठ मिटून बसायची. "कुसुम व, तुही मराठी म्हन्जे अर्धी हिंदीच हाय," असं मला चिडवायच्या आणि मी उठायला लागले की पुन्हा चहाचं आधण ठेवायच्या.

ते झाड त्यांच्या यजमानांनी आणलं होतं. रस्त्यासाठी मोहाचं एक झाड पाडलं, त्याच्या फांदीला ते चिकटलेलं होतं. लांब, जाड, पट्ट्यासारखी पानं आणि हवेत लोंबणारी पांढरी मुळं. ऑर्किड हा शब्द आम्हाला फार नंतर कळला. ताई त्याला 'झाडावरचं झाड' म्हणायच्या. बांबूच्या टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे भरून त्यांनी ते आतल्या खोलीत खिडकीशी टांगलं. बाहेर शेळ्या होत्या आणि उन्हाळ्यात भाजून काढणारा वारा, लू होती. "याचंबी झाड गेलं, आन माहंबी गाव गेलं," असं एकदा म्हणाल्या आणि लगेच हसल्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला फुलं आली, पिवळट तपकिरी जाळीची, मधे निळसर जीभ. त्या दिवशी त्यांनी यजमानांची झोपमोड केली. आमच्या आठवणीतला तो एकच प्रसंग.

पुढच्या उन्हाळ्यात झाडाची रया गेली. पानांवर बारीक फिकट ठिपके आले आणि खालच्या अंगाला लालसर पूड दिसू लागली. भिलाईत तेव्हा कशाचंही खापर कारखान्यावर फुटायचं. खोकला झाला, धूळ. भात करपला तरी धूळ! तेव्हा ही लाल पूडही कारखान्याचीच, यात आम्हा दोघींना तिळभर शंका नव्हती. ताईंनी खिडक्या घट्ट लावल्या, फटींत कापड कोंबलं आणि यजमान आणायचे त्या यंत्रं पुसायच्या सुती धाग्यांच्या, कॉटन वेस्टच्या बोळ्याने पानं कोरडी झटकायला लागल्या. परसातल्या भेंडीची पानंही त्याच बोळ्याने झटकायच्या. खोली भट्टीसारखी तापायची आणि झाड आणखीच सुकायचं. एक पान गळलं, मग दुसरं. ताईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. "हे गेलं नं कुसुम, तर मी दिवसभर कोनाकडे पाहू?" त्यांनी विचारलं. 

एका दुपारी मी कॅलेंडरचं जुनं पान झाडाखाली उलटं धरलं आणि वरून झाडाच्या पानाला टिचकी मारली. पांढऱ्या कागदावर लाल कण पडले. ताई फुंकर मारायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. "अवं कुसुम... हे धूळ चालून राहिली!"

ते कोळी होते. सुईच्या टोकाएवढे, पानाखाली कोळिष्टकाचं झिरझिरीत जाळं विणून बसलेले. त्यांना हवी तशी कोरडी, गरम, बंद खोली आम्हीच तयार करून दिली होती आणि भेंडीवरून त्यांना उचलून आणायला तो बोळा होताच. मग खिडक्या उघडल्या. भेंडी उपटली. झाडाखाली परातीत ओली वाळू ठेवली आणि कपड्याच्या साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून एकेक पान वरून, खालून, बुडख्याच्या बेचक्यापर्यंत पुसायला लागलो. एकदा पुसून भागायचं नाही. अंडी मागे राहायची, पुन्हा कोळी दिसायचे. म्हणून रोज संध्याकाळी ताई पान धरायच्या, मी पुसायची आणि दोघींची तोंडं चालायची. पाऊस लागेपर्यंत झाडाने नवं पान काढलं.

त्यानंतर दर होळीनंतर भिंतीपलीकडून हाक यायची. "कुसुम व, कोळी आले!" माझी मुलं झाली, सासूबाई राहायला आल्या, हाताला उसंत नव्हती. तरी मी जायची. कुरकुरत जायची. फडकं दरवर्षी लालच निघायचं. ताई पापड तळून ठेवायच्या, माहेरच्या, साकोलीच्या गोष्टी काढायच्या, तासभर कसा जायचा कळायचं नाही. हे कोळी कसे मरत नाहीत म्हणून मी वैतागायची आणि ताई म्हणायच्या, "लय चिवट जात हाय."

यजमान गेल्यावर भाचा त्यांना साकोलीला घेऊन गेला. झाड माझ्या घरी आलं. या हिवाळ्यात भेटायला गेले तेव्हा त्या अगदी वाळल्या होत्या, पण डोळे तेच, मिस्कील. मी म्हटलं, "ताई, मी अजून पुसते हं. पण इतक्या वर्षांत ते कोळी काही गेले नाहीत."  त्या म्हणाल्या, "कोळी तं पयल्याच साली गेले व. मंग ते कारखान्याचीच धूळ होती."

मला रागच आला. पोरं रडत ठेवून मी जात होते! "मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तू आली असती?"

"आले असते."

"आता म्हनतेस..." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. गाडीची वेळ झाली, भाचा दोनदा डोकावून गेला.

भिंतीपलीकडच्या क्वार्टरला सध्या कुलूप आहे. आमचे हेही गेले, मुलं बाहेरगावी. संध्याकाळी मी फडकं भिजवते, पानं वरून-खालून पुसते. धूळ पूर्वीइतकी येत नाही, फडकं जेमतेम मळतं. परवा कॅलेंडरचं पान उलटं करून झाडाखाली धरलं, चष्मा लावला, टिचकी मारली आणि वाट पाहिली. काहीच चाललं नाही. हाक मारायला तोंड उघडलं होतं, "ताई, कोळी आले!"... पण खोटं सांगायलासुद्धा पलीकडे कुणीतरी लागतं. मी फडकं पिळलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा पुसायला घेतलं.